दीड दिवसाची टेहळणी: एल्कसाठी रान निवडण्याचं एक प्रकरण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मित्राचा फोन आला. "टॅग काढतोय. दुसरा रायफल सीझन. रान तू सांगायचं." टॅग म्हणजे एल्कच्या शिकारीचा परवाना, आणि रायफल सीझन म्हणजे बंदुकीने शिकार करायला ठरवून दिलेले दिवस.

मी बंदूक चालवत नाही. माझं काम नकाशांचं. डेन्व्हरजवळच्या एका छोट्या कचेरीत दिवसभर जमिनीचे चढउतार, ओढ्यांच्या वाटा आणि मालकीच्या हद्दी बघत बसतो. मित्र मूळचा कोल्हापूरचा, दोन वर्षं कोलोरॅडोत एल्कच्या मागे हिंडून रिकाम्या हाताने परत आलेला. दोन्ही वेळा रान निवडलं होतं ते ऑफिसातलं कोणीतरी "तिकडे खूप दिसतात" म्हणालं म्हणून. दिसलेही होते, पण सगळ्या माद्या. त्याच्याकडे परवाना होता नराचा.

ज्यांनी एल्क पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे हरणांच्या कुळातलं जनावर, काश्मीरच्या हंगुलचं जवळचं नातेवाईक. आपलं सांबर डोळ्यांसमोर आणा आणि ते आणखी थोराड करा. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास भरतो. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, अडीच लाखांहून अधिक. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय संपला. करवीर संस्थानचं शिकारीचं दाजीपूर आज अभयारण्य आहे. इथे मात्र कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचं खातं दरवर्षी कुठे, किती आणि कोणती जनावरं मारायची ते ठरवतं, परवाने विकतं, आणि त्या पैशातून खात्याचा मोठा खर्च भागतो. काही परवाने सोडतीतून मिळतात, काही सरळ दुकानात. दुकानात मिळणाऱ्याला सगळे ओटीसी म्हणतात. मित्राचा हाच होता. याची गंमत अशी की तो एका युनिटला, म्हणजे खात्याने आखलेल्या शिकारीच्या एका विभागाला, बांधलेला नसतो. ओटीसीला खुल्या असलेल्या डझनावारी युनिटांपैकी कुठेही जाता येतं. आणि गोंधळ नेमका तिथेच सुरू होतो, कारण कुठेही जाता येतं म्हटल्यावर माणूस कुठेच नीट जात नाही.

हातात काय होतं

सीझन नऊ दिवसांचा, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सुरू होणारा. त्या वर्षी दिवाळीही त्याच आठवड्यात आली. नरकचतुर्दशी गुरुवारी. मित्राची आई कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेली, आणि काकूंनी स्पष्ट सांगितलं होतं की अभ्यंगस्नानाला मुलगा घरात दिसला पाहिजे. म्हणजे शनिवार ते बुधवार, पाच दिवस. बुधवार परतीचा धरला तर चारच.

टेहळणीसाठी सप्टेंबरअखेरचा एक शनिवार-रविवार. त्यातही रविवारी संध्याकाळी त्याच्या मुलीच्या मराठी शाळेचा कार्यक्रम. राहिला दीड दिवस.

घोडे नाहीत, चारचाकी एटीव्ही नाही. दोन माणसं, दोन सॅक. परवान्याची अट अशी की नराच्या एका शिंगाला किमान चार फाटे हवेत, नाहीतर कपाळाजवळचा फाटा किमान पाच इंचांचा हवा. म्हणजे नर दिसला की झाडली गोळी, असं नाही. दुर्बिणीतून नीट बघायला वेळ आणि उजेड मिळेल अशी जागा हवी. निवडीतली ही अट पहिल्यांदा माझ्याही लक्षात आली नव्हती.

टक्केवारीचा तक्ता

खातं दरवर्षी युनिटवार आकडे प्रसिद्ध करतं: किती शिकारी गेले, किती जनावरं पडली, किती दिवस खर्च झाले. मित्राने ते एक्सेलमध्ये ओढले, यशाच्या टक्केवारीने लावले आणि वरची पाच युनिटं पिवळी करून मला पाठवली.

मी त्याला पहिल्या क्रमांकाच्या युनिटाचा मालकीचा नकाशा दाखवला. खालचं जवळजवळ सगळं खोरं खाजगी रँचेसचं. तिथे पैसे भरून, गाइड घेऊन शिकार करणाऱ्यांचं यश आणि सरकारी जंगलात पायी फिरणाऱ्याचं यश एकाच टक्क्यात मिसळलेलं. आपण त्यातल्या दुसऱ्या गटातले, आणि आपल्या गटाचा टक्का त्या तक्त्यात कुठेच नाही. राज्यभर सगळे परवाने धरले तर साधारण पाचात एकाला एल्क मिळतो. ओटीसीच्या नर-परवान्यावर त्याहूनही कमी. अशा वेळी एका युनिटात दोन टक्के जास्त म्हणून चार तास लांब जाणं म्हणजे पाच रुपये स्वस्त भाजीसाठी रिक्षा करण्यासारखं.

तक्ता टाकून दिला नाही. त्यातला 'शिकारी किती' हा रकाना कामाचा होता, आणि पाच वर्षांत तो चढतोय की उतरतोय हे त्याहून कामाचं. टक्केवारी मात्र झाकून ठेवली.

तीन रानं राहिली. पहिलं फ्लॅट टॉप्स, मीकर गावाच्या बाजूचं. राज्यातला सर्वांत मोठा, व्हाइट रिव्हरचा कळप तिथे. नाव मोठं, गर्दीही मोठी, आणि आमच्याकडून चार तासांचा रस्ता. दुसरं नैऋत्येचा सॅन व्हान डोंगराळ मुलूख. देखणा, उभा, सहा-सात तास लांब. तिसरं ग्रँड काउंटीतलं, ट्रबलसमचं जळीत रान. घरापासून अडीच तास.

मित्राचा ओढा फ्लॅट टॉप्सकडे होता. सगळ्यांचाच असतो. माझा हिशेब सरळ होता. फ्लॅट टॉप्सला गेलो तर दीड दिवसातले आठ तास गाडीत जाणार. सॅन व्हानला गेलो तर टेहळणी फक्त गाडीच्या काचेतून होणार. अडीच तासांवरच्या रानात शुक्रवारी रात्री पोहोचून शनिवारचा पूर्ण दिवस आणि रविवारची सकाळ पायाखाली घालता येत होती. अनोळखी पण नावाजलेल्या रानापेक्षा जरा कमी नावाचं पण पायाखालचं रान बरं, या मताला मी आजही धरून आहे. मित्र म्हणाला, "म्हणजे पंढरपूर लांब पडतं म्हणून गल्लीतल्या विठोबाला?" मी म्हटलं, हो.

जळलेलं रान का

ईस्ट ट्रबलसमची आग १४ ऑक्टोबर २०२० रोजी लागली. पहिला आठवडा ती कशीबशी आटोक्यात वाटत होती. मग २१ तारखेच्या रात्री वाऱ्यावर स्वार होऊन तिने एका दिवसात लाखाहून जास्त एकर गिळले, अमेरिकेचा मुख्य जलविभाजक डोंगर ओलांडून पलीकडे उडी मारली. एकूण १,९३,८१२ एकर. कोलोरॅडोच्या नोंदीतली दुसऱ्या क्रमांकाची आग. आधीच भुंगेऱ्याच्या किडीने वाळवून ठेवलेले लॉजपोल पाइन तिला सरपणासारखे मिळाले.

आमच्या सीझनच्या वेळी त्या आगीनंतरचा चौथा उन्हाळा संपला होता. जळीत रानात पहिल्या वर्षी राख आणि चिखल, मग हळूहळू गवत, फायरवीडची जांभळी फुलं, आणि अॅस्पेनचे कोवळे धुमारे मुळांतून फुटतात. डोक्यावरची सावली गेल्याने ऊन जमिनीपर्यंत पोहोचतं. जनावराला खायला भरपूर. पण लपायला काही नाही.

म्हणून मी जळीत शोधतच नव्हतो. शोधत होतो जळीतातली बेटं. आग सरसकट सगळं खात नाही. उत्तरेकडच्या ओलसर उतारावर, घळीच्या तोंडाशी, झऱ्याच्या काठाने स्प्रूस आणि फरची दाट काळी झाडी वाचते. ऑक्टोबरअखेरच्या नराला असं बेट का हवं, तर त्याचा माज नुकताच संपलेला असतो. सप्टेंबरभर त्याने धड खाल्लेलं नसतं, वजन बरंच उतरलेलं असतं. तो कळप सोडून एकटा किंवा दोघा-तिघांच्या टोळीत राहतो आणि जिथे गवत, पाणी, सावली आणि दडायला जागा अशी सगळी दोन-तीनशे पावलांत मिळेल तिथे मुक्काम ठोकतो. हिंडणं टाळतो. माद्यांचे कळप मोकळ्या कुरणांत दिसतात, माणसाला वाटतं हेच रान. मित्राची दोन वर्षं त्यातच गेली होती.

नकाशावर

चार रात्री गेल्या. पहिल्यांदा वनखात्याचा मोटर-वाहन नकाशा घेतला, म्हणजे कोणत्या रस्त्यावर गाडी न्यायला कायद्याने परवानगी आहे तो. प्रत्येक खुल्या रस्त्याच्या दोन्ही अंगाला एक मैलाचा पट्टा रंगवला. त्यातली जमीन बाद. इथला बहुतेक शिकारी गाडीपासून मैलाच्या आतच फिरतो, आणि दोन दिवसांत हे एल्कच्याही ध्यानात येतं. मग खाजगी जमिनी काढल्या. कोलोरॅडोत पाटी नसली तरी दुसऱ्याच्या शेतात परवानगीशिवाय शिकारीला शिरता येत नाही, तेव्हा ज्या सरकारी तुकड्याला पोहोचायची वाट रँचमधून जाते तोही बाद. रॉकी माउंटन नॅशनल पार्कला लागून असलेली पूर्वेची किनार सोडली. उद्यानात शिकार बंद, आणि जनावरांना ती हद्द आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

उरलेल्या जमिनीवर २०१९चं, आगीनंतरचं २०२१चं आणि ताजं अशी तीन उपग्रहचित्रं एकावर एक ठेवली. तिन्हींत हिरवंगार राहिलेलं म्हणजे बेट. मग त्यातली तीस-चाळीस एकरांहून मोठी बेटं ठेवली आणि त्यांतली माचीवरची निवडली. इंग्रजी शिकारी ज्याला बेंच म्हणतात ती आपली माची: उभ्या उतारात मध्येच आलेली सपाट पट्टी. राजगडावर चढलेल्या कोणालाही ती कशी असते हे सांगायला नको. जनावराला तिथे बसायला सपाट जागा मिळते, वरून येणारा वास आणि खालून येणारा आवाज दोन्ही कळतात.

अकरा बेटं निघाली. मित्र खूश. मी म्हटलं, अकरा म्हणजे शून्य. चार दिवसांत अकरा जागा होत नाहीत. एकाच तळावरून पायी गाठता येतील अशा चार ठेवल्या, आणि त्यांतल्या ज्यांच्यासमोर उघडी धार आहे, म्हणजे समोरून दुर्बीण लावून शिंगांचे फाटे मोजता येतील, अशा तीन. नेमक्या जागा इथे सांगणार नाही. शिकाऱ्याने रान आणि सुगरणीने मसाला, एवढं गुपित चालतं.

एक फोनही केला, त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्याला. मित्र विचारणार होता, "एल्क कुठे आहेत?" हा प्रश्न त्यांना रोज वीस जण विचारतात आणि त्याला ते रोज तेच गुळमुळीत उत्तर देतात. मी त्याला दुसरा प्रश्न लिहून दिला: "पहिल्या दिवशी गोळीबार सुरू झाला की जनावरं कोणत्या बाजूला सरकतात, आणि बर्फ नसेल तर वर थांबतात की उतरतात?" पलीकडचा माणूस क्षणभर थांबला आणि मग दहा मिनिटं बोलला. सार असं, की गुडघाभर बर्फ पडेपर्यंत नर खाली येत नाहीत. दबाव आला की आडव्या पडलेल्या खोडांच्या गर्दीत घुसतात, कारण तिथे माणूस येत नाही.

दीड दिवस

शनिवारी पहाटे तळावरून निघालो तेव्हा मित्राला वाटत होतं, आपण एल्क बघायला चाललोय. मी सांगितलं की आज एकही दिसला नाही तरी चालेल. सप्टेंबरअखेर माज चालू असतो, नर माद्यांच्या मागे कुठेही भटकतात; आज इथे आरोळी ऐकली म्हणून महिनाभराने तो इथेच बसलेला असेल असं नाही. नकाशा जे सांगू शकत नाही तेवढंच बघायचं होतं: चालता येतं का, पाणी आहे का, माणसं कुठे उतरतात, आणि मागच्या वर्षी सीझनच्या दिवसांत इथे कोण होतं.

पहिली जागा बघताक्षणी मित्र प्रेमात पडला. हिरवं कुरण, कडेला अॅस्पेन पिवळे झालेले, मध्ये चिखलाचं डबकं, नर लोळून गेलेला, कडेचा चिखल अजून ओला. दहा पावलांवरून गोठ्यासारखा उग्र वास. "हेच!" तो कुजबुजला. मी झाडीच्या कडेने फेरी मारली. दगडांच्या तीन चुली. दोन झाडांमध्ये आडवा बांधलेला ओंडका, मांस टांगायचा. एका चुलीत मागच्या वर्षीचा बिअरचा डबा. ती जागा एल्कची सप्टेंबरात होती, ऑक्टोबरात माणसांची. बाद.

दुसऱ्या जागेने आम्हाला नमवलं. नकाशावर सहाशे मीटर. प्रत्यक्षात आग लागून मेलेली झाडं एकमेकांवर आडवीतिडवी, कंबरेएवढी, पोरांच्या खेळातल्या काड्यांसारखी सांडलेली. एका खोडावर चढायचं, तोल सांभाळत चालायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. काजळीने हातपाय काळे. सहाशे मीटरला एक तास दहा मिनिटं लागली. इथे नर पडला तर त्याला बाहेर कसा आणणार? मित्राने स्वतःच मान हलवली. जागा चांगली असणं आणि जागेतून मांस बाहेर येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि दुसरीत नापास होणारी जागा पहिलीत कितीही चमकली तरी उपयोग नाही.

तिसरी जागा संध्याकाळी पाचला गाठली. माची, त्यावर चाळीसेक एकरांचं स्प्रूसचं बेट, खालच्या अंगाला जळीत, कमरेएवढं गवत. रस्त्यापासून पावणेदोन मैल. डेन्व्हर शहरच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे. ही माची साडेनऊ हजार फुटांवर, त्यामुळे धाप लागतेच. ताजं काहीच नव्हतं. ठसे नाहीत, आरोळी नाही, लोळण नाही. मित्राचा चेहरा पडला.

मी झाडीत शिरून गुडघ्यांवर बसलो आणि पालापाचोळा बाजूला केला. खाली लेंड्या. फिकट राखाडी, वाळून हलक्या झालेल्या, बोटाच्या पेराएवढ्या, सुट्या सुट्या. ओंजळभर नव्हे, जागोजागी ढीग. हा दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा होता आणि तो कसा वाचायचा हे सांगायलाच हवं. उन्हाळ्यात एल्क हिरवा ओला चारा खातो, तेव्हा त्याचं शेण मऊ, गायीच्या पोवासारखं पडतं. गवत वाळलं, खाणं कोरडं झालं की सुट्या टणक लेंड्या पडतात. म्हणजे ही जुनी लेंडी उन्हाळ्यातली नव्हे. मागच्या शरदातली नाहीतर हिवाळ्यातली. शेजारीच खोडांवर शिंगं घासून साल सोललेली, त्यावर राळ घट्ट झालेली, एका झाडावर माझ्या डोक्याच्याही वर. आजचा एल्क इथे नव्हता. आम्हाला हवा होता तो कालदर्शिकेतल्या दुसऱ्या पानावरचा एल्क, आणि त्याची सही इथे पडलेली होती.

चुली शोधल्या. एकही नाही.

परतताना वाट सोंडेवरून काढली, ओढ्याच्या ओल्या कडेने, जिथे आडवी खोडं कमी. प्रत्येक वळण फोनवर नोंदवलं, दोन-चार झाडांना चमकत्या पिना टोचल्या. रविवारी सकाळी समोरच्या धारेवर बसून बेटाकडे दुर्बीण लावून पाहिली: बेटाची खालची किनार साफ दिसत होती. अकरा वाजता आवरलं. चौथी जागा पाहिलीच नाही. वेळ नव्हता.

पाच दिवस

शनिवारी पहाटे चारला सोंडेच्या पायथ्याशी पोहोचलो तर तिथे दोन ट्रक उभे. ही आमची चूक. वाट एकच शोधली होती. दुसऱ्या कोणाच्या मागे सोंड चढण्याऐवजी मित्राने पश्चिमेच्या घळीतून चढायचं ठरवलं, मी नकाशावर बोट फिरवून "जाता येईल" म्हटलं. माझं बोट खोडांवरून सहज गेलं. आम्हाला पावणेतीन तास लागले.

डोंगरात पहाटेची गार हवा उताराने खाली वाहते. माचीच्या खाली असलेल्या माणसाचा वास तेव्हा खालीच जातो. ऊन चढलं की हवा उलटते आणि वर जायला लागते. आम्ही माचीच्या खाली दोनशे मीटरवर होतो तेव्हा घामाने भिजलेल्या मानेवर खालून झुळूक लागली. मित्राने माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या मिनिटाने वर झाडीत काडकन फांदी मोडली, मग आणखी दोन, मग काहीच नाही. एल्क होते. आम्ही त्यांना आमचं आगमन वासाने कळवलं होतं.

ट्रकवाली मंडळी आमच्या बेटाकडे आलीच नव्हती. ती सोंडेवरून पुढे मोठ्या कुरणाकडे गेली होती.

रविवारी वारा सुटला. जळून उभी राहिलेली झाडं वाऱ्यात न सांगता कोसळतात. आदल्या रात्री तंबूतून तीन पडताना ऐकली होती. जळीतात पाऊल टाकायचं नाही, हे आधीच ठरवलेलं. दिवसभर खालच्या माळावर बसून राहिलो. माझ्या मते त्या सीझनचा सर्वांत शहाणा निर्णय हाच होता, आणि फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही.

सोमवारी संध्याकाळी समोरच्या धारेवर. उजेड संपायला वीस मिनिटं असताना बेटाच्या खालच्या कडेला काहीतरी तपकिरी हललं. दोन नर. एकाच्या शिंगाला पाच फाटे, आरामात मोजले. अंतर सव्वा मैल, जायला वेळ नाही. नियमाने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते. आम्ही तसेच बसून राहिलो, ते चरत राहिले. रात्री चार इंच बर्फ पडला.

मंगळवारी पहाटे तीनला निघालो. सोंडेच्या पायथ्याला कोणी नव्हतं. पिना विजेरीत चमकत होत्या. साडेपाचला माचीच्या खाली, हवा अजून उताराने वाहती. बर्फात अंगावरचं केशरी जाकीट दिव्यासारखं दिसत होतं. रायफल सीझनमध्ये पाचशे चौरस इंच केशरी किंवा गुलाबी कपडा आणि तशीच टोपी सक्तीची आहे. एल्कला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, म्हणून चालतं. आठ वाजून दहा मिनिटांनी नर गवतात आला, तिरपा, मग आडवा. अंतर एकशे नव्वद यार्ड. मित्राने एकच गोळी झाडली. नर चाळीस पावलं गेला आणि बेटाच्या कडेला बसल्यासारखा खाली आला.

मित्र बराच वेळ त्याच्यापाशी उभा राहिला. काही बोलला नाही, मीही बोललो नाही. मग त्याने टॅगवर सही केली आणि चाकू काढला.

सोलून, हाडं काढून मांस साधारण नव्वद किलो भरलं. नियमाने एका तुकड्याला नर असल्याचा पुरावा नैसर्गिकपणे जोडलेला ठेवावा लागतो, तो ठेवला. दोघांच्या पाठीवर प्रत्येकी चोवीस-पंचवीस किलोपेक्षा जास्त त्या खोडांतून नेणं म्हणजे घोटा मोडून घेणं. पहिली खेप मंगळवारी दुपारी चारला गाडीपाशी. उरलेलं सावलीत, जमिनीपासून उंच टांगून ठेवलं. बुधवारी पहाटे पुन्हा वर, साडेअकराला खाली. पावणेदोन मैल हे अंतर मी निवडलं होतं, आणि दुसऱ्या खेपेला मित्राने मला त्याची आठवण करून दिली. शब्द लिहिण्यासारखे नाहीत.

निवड किती, नशीब किती

चार इंच बर्फ पडला नसता तर? मंगळवारी आमच्या पावलांचा आवाज खोडांतून माचीपर्यंत गेला असता. ट्रकवाले सोंडेवरून पुढे न जाता उजवीकडे वळले असते तर? नशीब होतं, आणि कमी नव्हतं. पण शनिवारी आम्ही फसलो तेव्हाही एल्क त्याच बेटात होते, सोमवारीही होते, मंगळवारीही. रान बरोबर निवडलं असलं की दोन चुका पोटात घालता येतात. मागच्या दोन वर्षांत मित्राने चुका यापेक्षा कमी केल्या होत्या.

पुन्हा करायचं झालं तर मी चौथ्या जागेसाठी नव्हे, दुसऱ्या वाटेसाठी वेळ काढीन. आणि नकाशावर अंतर मैलांत मोजणं सोडून खेपांत मोजीन.

पुढच्या वर्षी आम्ही तिथेच गेलो. बेटाच्या खाली एक नवी चूल होती, वाटेवर आणखी झाडं पडलेली, आणि चार दिवसांत एकही नर दिसला नाही. अकरांपैकी दहा बेटं अजून नकाशावर आहेत.

त्या बुधवारी संध्याकाळी पाचला घरी पोहोचलो. नराचं डोकं वाटेतच खात्याच्या कचेरीत दिलं. इथल्या हरणांत आणि एल्कमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये. काकूंनी दारातच विचारलं, "धनतेरसेला जीव घेतलास होय रे?" आणि दिवाळी संपेपर्यंत ते घरात आणायचं नाही म्हणून बजावलं. नव्वद किलो मांस गॅरेजच्या फ्रीझरमध्ये गेलं, गॅरेजच्या दारावर झेंडूचं तोरण.

भाऊबीज झाली आणि काकू रोज सकाळी विचारायला लागल्या, "आला का रे त्याचा रिपोर्ट?" पंधरा दिवसांनी आला, रोग नाही. त्याच दुपारी त्यांनी कोल्हापूरहून आणलेल्या कांदा-लसूण चटणीची पुडी फोडली. मित्राने पांढऱ्या रश्श्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "याला तांबडाच. आणि कुकरला दोन शिट्ट्या जास्त दे, डोंगर चढलेलं जनावर आहे."